तापकीर गल्लीतला कॅमेरेवाला: वर्षभर वापरून झाल्यावर

दुकानाचं नाव लिहिणार नाही. निम्मं चांगलं लिहिणार आहे, निम्मं वाईट, आणि वाईट वाचून कुणाच्या पोटावर पाय यायला नको. पुण्यातली तापकीर गल्ली, वरचा मजला, आणि जिना असा की उतरणाऱ्यानं आधी वरून हाक द्यायची, एवढी खूण पुरे. गल्लीत असली कितीतरी दुकानं आहेत, आणि लिहितोय ते त्यांतल्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

घेतलं काय? चार सीसीटीव्ही कॅमेरे, चार चॅनलचा डीव्हीआर (म्हणजे चित्रीकरण साठवणारं यंत्र), एक टीबीची हार्डडिस्क, पॉवर सप्लाय, केबलचं एक बंडल, आणि बसवून देणं. जीएसटी धरून १७,९३६ रुपये. येरवड्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारासाठी घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची किरकिर कळायची नाही. मी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलो आणि निम्मं आयुष्य खड्ड्यात बसून केबल जोडण्यात गेलं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून देशभरातले ७८ हजारांहून जास्त लोक एका दिवसात घरी बसले, त्यांतला मी एक. तेव्हापासून विहाराचा सेक्रेटरी आहे. जोड कसा मारलाय हे मी लांबून ओळखतो. बायको म्हणते, हा गुण नाही, आजार आहे.

कॅमेऱ्याची वेळ का आली ते सांगतो. २०२४ ला १४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी विहाराच्या नामफलकावर काळं ऑइल फेकलेलं सापडलं. गाडीतून काढतात तसलं, जळकं. खाली भिंतीवर कोळशानं एक शब्द लिहिला होता. तो इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी ज्यांना तो आयुष्यात कधी ऐकावा लागलाय त्यांना कळला असेल. पोरं रस्त्यावर उतरायला निघाली होती. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांनी गेटला खुर्च्या लावल्या आणि बसून राहिल्या, म्हणून दुपार निघाली. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी २०१८ नंतरचे दोन-तीन दिवस ज्यांनी नगर रोडच्या आसपास काढलेत, त्यांना अशा दुपारी काय काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको.

पोलीस आले, पंचनामा झाला, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदला. हवालदार भला माणूस. त्याचा पहिला प्रश्न, "कॅमेरा आहे का?" नव्हता. तो गुन्हा आजही अज्ञात इसमावरच आहे.

मग पैशाचा विषय. सगळे म्हणाले सरकारकडून घेऊ. आमदारांना मतदारसंघासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो, त्यात आमचे अठरा हजार म्हणजे चहापाण्याचा खर्च. पण एप्रिलमध्ये लोकसभेची आचारसंहिता. जूनमध्ये ती उठली. एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या मुलानं जागेच्या मालकीचा कागद मागितला. घोषित झोपडपट्टीत मालकीचा कागद! त्याचं बरोबर होतं, त्याला फाइलमध्ये लावायला काहीतरी हवं होतं. खासदार निधीतून तर प्रार्थनास्थळाच्या आत काही करताच येत नाही, नियमच आहे. नियम मला पटतो, नाहीतर सगळा निधी कळसाला जाईल. आमच्या खजिनदारांनी डोकं लावलं की कागदावर आपली इमारत 'समाजमंदिर' आहे, तसा अर्ज करू. अर्ज केला. नगरसेवकाची शिफारस आणा म्हणाले. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, प्रशासक बसलेला, नगरसेवक आणायचा कुठून? एवढ्यात विधानसभेची आचारसंहिता तोंडावर आली. दोन आचारसंहितांच्या मधल्या फटीत आम्ही चार महिने फिरलो आणि रिकाम्या हातानं बाहेर पडलो.

याच काळात जोशीचा फोन आला. जोशी माझा एक्स्चेंजमधला जोडीदार, आता सहा महिने इथे आणि सहा महिने न्यू जर्सीत मुलाकडे. "कांबळे, तुम्ही वर्गणी कसली काढताय? आमच्या इथल्या मंदिराला सरकारनं कॅमेरे दिले."

मला आधी वाटलं फेकतोय. पण खरं होतं. अमेरिकेत नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम म्हणून केंद्राची योजना आहे, आपल्याकडे जसं गृह खातं तसं त्यांचं होमलँड सिक्युरिटी, त्याखालची फेमा ही संस्था ती चालवते. ज्या संस्थांवर द्वेषातून किंवा दहशतीतून हल्ला होण्याची भीती आहे, मग ते सिनेगॉग असो, मशीद असो, गुरुद्वारा असो, मंदिर असो, त्यांनी आपल्या राज्यामार्फत अर्ज करायचा. कॅमेरे, दिवे, कुंपण, मजबूत दारं, पहारेकरी, लोकांना प्रशिक्षण, हे सगळं त्यात बसतं. २०२३ साली त्यासाठी ३०.५ कोटी डॉलर ठेवले होते, एका जागेला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. ब्रिटनमध्येही प्रार्थनास्थळांसाठी २०१६ पासून अशीच योजना आहे.

"एवढं कशाला देतात रे?" मी विचारलं.

जोशी जरा गप्प झाला. मग म्हणाला, विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकला गुरुद्वारात ५ ऑगस्ट २०१२ ला एक जण बंदूक घेऊन शिरला, सहा माणसं मारली. सातवा माणूस जखमा घेऊन आठ वर्षं अंथरुणावर होता, तो २०२० मध्ये गेला. आणि आम्ही राहतो तिथून जवळच जर्सी सिटीत १९८७ साली पोरांची एक टोळी होती, स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवायची. डॉट म्हणजे बायकांच्या कपाळावरची टिकली. त्या वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी नावाच्या माणसाला मारून मारून ठार केलं, आणि तो पारशी, त्याचा टिकलीशी संबंध काय! जोशीच्या वहिनी अजून रुपयाएवढं कुंकू लावतात. तिथेही. मला इतकी वर्षं वाटायचं, जोशाला या गोष्टी कळायच्या नाहीत. कळायला विमानात बसावं लागलं, असं मी त्याला म्हणालो. तो हसला नाही, पण रागावलाही नाही.

पण मेख आहेच. तिथे पैसे आधी तुम्ही खर्च करायचे, बिलं लावायची, मग सरकार भरपाई देतं. म्हणजे आपल्या मेडिकल बिलासारखं. आणि त्याआधी अर्जात लांबलचक लिहायचं: तुम्हाला धोका कुणापासून, तुमची कमजोर जागा कोणती, आणि घात झाला तर परिणाम काय. जोशीच्या मुलानं दोन शनिवार-रविवार घालवले त्यात. मी म्हटलं ते प्रश्न तरी पाठव. त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले, माझ्या नातीनं मराठीत सांगितले, आणि मी आणि खजिनदारांनी आखीव वहीच्या पानावर आमच्या विहाराचा अर्ज भरला. कुणाला द्यायचा नव्हताच.

आणि काय निघालं? कमजोर जागा गेट नव्हतीच. विहाराच्या कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद होता. ऑइल टाकणारा त्याच अंधारातून आला असणार. महापालिकेकडे तक्रार नोंदवली, चार दिवसांत दिवा लागला. फुकट. अमेरिकन सरकारच्या फॉर्मनं येरवड्यातला दिवा लावला, हे मी वस्तीत अजून सांगतो, कुणी ऐकून घेत नाही.

आपल्याकडे असलं काही नव्हतं असं नाही. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. गावानं समिती करायची, तंटे मिटवायचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. माझ्या आजोळच्या गावाला मिळालं होतं. गावानं त्यातून वेशीवर कमान बांधली. कमान छान आहे. आमच्या वाड्यातून स्मशानाकडे जायच्या रस्त्याचा तंटा त्या वर्षी समितीपुढे आलाच नव्हता, म्हणून तो मिटलेल्यांतही धरला नाही आणि न मिटलेल्यांतही नाही. असो. आजोळचा विषय काढला की मी भरकटतो.

तर वर्गणी. वस्तीत ६१ घरं, घरटी ३०० रुपये. ६० घरांनी दिले. एका घरानं दिले नाहीत, त्याचं कारण पुढे येईल. १८,००० जमले.

आता दुकान.

मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू होऊन आठवडाच झाला होता. येरवड्याहून बसलो, सिव्हिल कोर्टला बदलली, मंडईला उतरून पासोड्या विठोबाच्या बाजूनं गल्लीत. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा शोधण्यात दुकानं बंद होतील. खजिनदार आणि मी पाच दुकानं फिरलो. चार ठिकाणी एकच प्रश्न, "किती मेगापिक्सल?" इथल्या मालकानं, पस्तिशीचा पोरगाच म्हणा, वेगळंच विचारलं: "काका, बघायचंय काय? माणूस आला हे बघायचंय, का कोण आला हे बघायचंय?"

तिथेच मी निम्मा विकला गेलो. त्यानं कागदावर काढून दाखवलं. कॅमेरा पंधरा फुटांवर लावला तर माणसाची टोपी दिसते. चेहरा हवा असेल तर गेटपाशी सात-आठ फुटांवर एक लावायचा, आत येणाऱ्याच्या तोंडासमोर. बाकीचे तीन उंच. एक टीबीत चार कॅमेऱ्यांचं दोन आठवड्यांच्या आसपास रेकॉर्डिंग राहील, मग जुन्यावर नवं. साध्या हार्डडिस्कऐवजी कॅमेऱ्यासाठीची वेगळी येते ती घ्या म्हणाला, साधी रात्रंदिवस लिहून लिहून मरते. सहाशे रुपये जास्त. घेतली, आणि अजून चालू आहे.

बिलाशिवाय पंधरा हजार दोनशे, बिल हवं तर अठरा टक्के वर. गल्लीत हे असंच विचारतात, नवीन माणसानं दचकू नये. खजिनदार म्हणाले पक्कं बिलच हवं, विहाराच्या नावानं. मालक म्हणाला, "कशाला काका, कोण विचारतंय?" खजिनदार म्हणाले, "उद्या सरकारनं द्यायचं ठरवलं तर?" मालक मनापासून हसला. पण बिल दिलं, आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर त्यावर हातानं लिहिला. ते बिल अजून विहाराच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये आहे.

बसवायला दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली. अकराची वेळ, आली पावणेतीनला. कामाला चपळ, जेवलीसुद्धा नाहीत, आमच्या सुनबाईनं जबरदस्तीनं पोहे खायला घातले. आणि मग मला तो जोड दिसला.

मागच्या भिंतीवर केबल कमी पडली. पोरानं दुसरा तुकडा घेतला, तांब्याच्या तारा बोटांनी पिळल्या, त्यावर काळी इन्सुलेशन टेप तीन वेढे गुंडाळली आणि पुढे निघाला. बाहेरच्या भिंतीला! पावसाच्या तोंडाला! मी म्हटलं, "बाळा, खाली उतर." तो म्हणाला, "काका, सगळीकडे असंच करतो." मी म्हटलं, "सगळीकडे मी नसतो." टेप सोडवून दाखवली. आतली जाळी एका बाजूला गोळा झालेली, मधली तार बाहेर डोकावत होती. अशा जोडात पहिल्या पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि पडद्यावर आडव्या रेघा फिरायला लागतात. मग लोक म्हणतात कॅमेरा खराब. कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं. त्या पोराकडे क्रिम्पिंगचा, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा, पाना पिशवीत होता, बरं का. पिशवीतून काढायचा कंटाळा. मी त्याला बीएनसी कनेक्टर नीट दाबून, प्लॅस्टिकच्या डबीत जोड ठेवून, डबीचं तोंड खाली करून लावायला लावलं, आणि केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोका दिला, म्हणजे पाणी झोक्यावरून ठिबकतं, डबीत जात नाही. पोरगा हुशार, दुसरा जोड न सांगता तसाच मारला. दुकानानं मात्र त्याला हे शिकवलेलं नव्हतं, आणि याचे मी गुण कापणार आहे.

दुसरी भानगड बायकांनी काढली. डाव्या बाजूचा कॅमेरा चालू करून टीव्हीवर चित्र आलं, तर समोरच्या घराची मोरी अर्धी दिसत होती. तीन फुटांच्या बोळात दुसरं काय होणार. वर्गणी न देणारं घर तेच. त्या घरातल्या काकू आधीपासून सांगत होत्या, "कॅमेरा आमच्या अंगावर नको," आणि आम्ही पुरुषमंडळी म्हणत होतो काही होत नाही. पोरांनी कॅमेरा वळवला तर बोळ सुटायचा. मी मालकाला फोन लावला. त्यानं फोनवरूनच सांगितलं, डीव्हीआरमध्ये पडद्याचा ठरावीक भाग कायमचा काळा करता येतो, पोराला येतं ते. त्या काकूंना टीव्हीसमोर बसवलं, आणि त्या बोट दाखवतील तिथपर्यंत चौकोन काळा केला. त्यांचं दारही गेलं, खिडकीही गेली, उंबऱ्याबाहेरचा रस्ता राहिला. दुसऱ्या दिवशी काकूंनी ३०० रुपये आणून दिले. मी घेतले नाहीत. खजिनदारांनी घेतले.

तेव्हा हिशेब असा: १८,३०० जमा, १७,९३६ खर्च. उरल्यात केबल टाय आणि चांगली टेप आणली.

रात्रीच्या चित्राबद्दल दुकानदार कुणीच सांगत नाहीत ती गोष्ट सांगतो. कॅमेऱ्याला अंधारात बघायला लाल दिवे असतात, डोळ्यांना धड दिसत नाहीत. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे जमतात. किडे आले की कोळी येतो. कोळी बरोबर काचेसमोर जाळं विणतो, आणि रात्री त्या जाळ्यावर उजेड पडून सगळं चित्र पांढरं. महिन्याभरात गेटचा कॅमेरा आंधळा झाला. दुकानात फोन केला तर म्हणाले, साफसफाई वॉरंटीत येत नाही, माणूस पाठवायचे तीनशे. तीनशे रुपये कोळ्याचे! आता आमच्या वस्तीतल्या ज्या आजी पहाटे सव्वापाचला विहारासमोर झाडतात, त्या बांबूला फडकं बांधून चारही कॅमेऱ्यांवरून फिरवतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जोशीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या मंदिरातल्या सोळा कॅमेऱ्यांतले पाच बंद आहेत. कुणाच्या लक्षातच आलं नाही. अनुदानात घेतले, आता बघायचे कुणी?" टेलिफोन खात्यात आम्ही हेच बघितलं. नवीन केबल टाकायला पैसे यायचे, टाकलेली सांभाळायला यायचे नाहीत.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती ऐकूनच काय ते ठरवा.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला, आठवत असेल. तशा एका सकाळी सात वाजता वंदनेला आलेल्या ताईंना नामफलकावर चिखल दिसला. नवा फलक, वर्षापूर्वीच लोकांनी रंगवून घेतलेला. थोडाथोडका नाही, पसाभर, 'बुद्ध' या अक्षरांवरून ओघळलेला. दहा मिनिटांत फोटो ग्रुपवर आणि खाली "पुन्हा" एवढाच शब्द. साडेसातला विहारात पन्नास पोरं.

मी डीव्हीआर लावला. फलकाच्या वरच कॅमेरा आहे, त्याला रस्ता दिसतो, फलक दिसत नाही. झाडणाऱ्या आजी म्हणाल्या, सव्वापाचला फलक स्वच्छ होता. म्हणून सव्वापाचपासून पुढे बघत गेलो. पाच चाळीसला मोटारसायकलवर दोन अनोळखी पोरं आली, विहारासमोर थांबली, मागच्यानं खिशातून काहीतरी काढलं, मिनिटभर थांबून गेली. "हेच ते." नंबर प्लेट स्वच्छ दिसत होती, कारण गेटचा कॅमेरा मालकानं सांगितल्याप्रमाणे सात फुटांवर लावलेला. कुणीतरी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला. पुढचं बघायला कुणी तयार नव्हतं.

हडपसरला २ जून २०१४ ला मोहसीन शेख नावाचा इंजिनियर मुलगा नमाज पढून घरी निघाला होता. फेसबुकवर कुणीतरी काहीतरी टाकलं होतं, त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. जमावानं त्याला दाढी-टोपीवरून ओळखलं आणि मारलं. मला त्या क्षणी तेच आठवत होतं, आणि तोंडातून मात्र निघालं, "दूधवाला कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचा दूधवाला साडेपाचला येतो. पाऊस असो, बंद असो, साडेपाच. सव्वापाच ते पाच चाळीस आम्ही पडद्यावर डोळे लावून बसलो होतो आणि दूधवाला गेलाच नव्हता. मागे फिरवत नेलं. दूधवाला सापडला, पडद्यावरच्या घड्याळात चार त्रेचाळीसला. म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं मागे. रात्री तेवढा वेळ लाइट गेली होती, आणि आतली बटणासारखी बॅटरी उतरलेली, त्यामुळे लाइट गेली तशी वेळही जागच्या जागी थांबली होती.

मग खऱ्या वेळेनं पाहिलं. घड्याळात पाच आठ, म्हणजे खरे पाच पंचावन्न. पाण्याचा टँकर बोळाच्या तोंडाशी वळला, मागचं चाक विहारासमोरच्या खड्ड्यात गेलं, आणि गढूळ पाण्याचं एक भलंमोठं पान उठून थेट कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला आदळलं. काचेवरसुद्धा दोन थेंब आले. तीन वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळी एक पोरगं हसलं, मग सगळी. ती मोटारसायकलवाली दोघं त्यानंतर अर्ध्या तासानं आलेली, आणि खिशातून काढला तो मोबाइल होता, नीट बघितलं तर उजेड दिसतो. प्लेटचा फोटो ज्यानं काढला होता त्याच्याकडून तो माझ्यासमोर पुसून घेतला.

मी दुकानात फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता, कबूल आहे. मालक म्हणाला, "काका, चाळीस रुपयांची बॅटरी आहे, गल्लीत कुठेही मिळेल." मी म्हटलं, चाळीस रुपयांच्या बॅटरीपायी आज दोन पोरांची हाडं मोडली असती. तो गप्प झाला. दुपारी स्वतः स्कूटरवर येरवड्याला आला, गल्ली सोडून, धंद्याच्या वेळेला. बॅटरी बदलली, डीव्हीआर इंटरनेटला जोडून घड्याळ आपोआप जुळेल असं केलं, आणि म्हणाला यूपीएस तेव्हाच सांगायला पाहिजे होता, माझी चूक. यूपीएस आणला होता, २,१०० रुपये, त्यावर नफा घेतला नाही असं म्हणाला. मी विश्वास ठेवला. निम्मा.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं लिहायलाच हवी. त्याआधी फेब्रुवारीत बोळातून एक स्प्लेंडर चोरीला गेली. आमच्या कॅमेऱ्याचा पहिला खरा उपयोग तो. पोलिसांनी चित्रीकरण मागितलं. मी पेनड्राइव्ह घालून देणार होतो. मालकानं फोनवर थांबवलं: नुसतं देऊ नका, कोर्टात उभं राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५ ब म्हणायचे ते. त्याचे दोन भाग, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. आणि फाइलचा हॅश त्यात लिहायचा, म्हणजे फाइलीचा अंगठा म्हणा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अंगठा बदलतो. कोरा पेनड्राइव्ह, काटछाट नाही, डीव्हीआरमधली मूळ फाइल जपून, कारण दोन आठवड्यांनी ती आपोआप पुसली जाते. हे सगळं त्यानं पाऊण तास फोनवर सांगितलं आणि एक पैसा मागितला नाही. एप्रिलमधल्या त्या ऑइलच्या वेळी कॅमेरा असता आणि मी नुसता पेनड्राइव्ह दिला असता, तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

गाडी मिळाली, हँडल सोडून.

तर पाचपैकी साडेतीन. माहितीला आणि बिलाला पूर्ण गुण. माल चांगला, कॅमेऱ्यांवर तीन वर्षांची वॉरंटी आहे, ऑक्टोबर २०२७ पर्यंत. बसवणाऱ्या पोरांना जोड शिकवला नाही म्हणून एक गुण कापला, बॅटरी आणि यूपीएसबद्दल अर्धा कापला. कोळ्याच्या तीनशे रुपयांसाठी आणखी कापणार होतो, पण तो स्कूटरवर आला ते आठवलं.

घ्यायला जाणाऱ्यांनी रविवारी जाऊ नये, हे दुकान बंद असतं. बाराच्या आत जा, मालक स्वतः असतो, नंतर काउंटरवर पुतण्या असतो आणि तो मेगापिक्सलच विचारतो. बसवताना शिडीखाली उभे राहा. आणि टेप त्यांची वापरू देऊ नका, आपली घेऊन जा.